न बोलणारा पट्टा

दिवाळी अंकात या सदराला नेहमीपेक्षा दोन पाने जास्त मिळतात. एरवी आठवड्याच्या अंकात नळाचा वायसर, मिक्सरचे कार्बन ब्रश आणि पंख्याचा कंडेन्सर यांच्या पलीकडे माझी मजल जात नाही. या वेळी एखादे मोठे काम काढावे असे मनात होतेच. ते काम वडगाव मावळच्या एका वाचकभगिनीने पोस्टाने घरपोच पाठवले. त्या लिहितात: “यजमानांनी सुट्टीत मोटारीचा टायमिंग बेल्ट घरच्या अंगणात बदलायचे ठरवले आहे. मोबाईलवर चित्रफिती पाहून झाल्या, पाने आणून झाले. मोटार गेली तेरा वर्षे वाटेत एकदाही बंद पडलेली नाही. दुखत नसलेल्या दाताला हात कशाला लावायचा, असे माझे म्हणणे. आपले मत कळवावे.”

बाईंनी दाताचे उदाहरण अगदी नेमके दिले आहे. पट्ट्यालाही दातच असतात. फक्त त्यातून त्यांनी काढलेला निष्कर्ष उलटा आहे. हा दात कधीच दुखत नाही. तो एक दिवस पडतो, आणि पडताना जबडा घेऊन जातो.

कसा, ते समजायला इंजिनाच्या पोटात फार खोल शिरायला नको. उखळात भात कांडताना पाहिलेले आठवत असेल तर पुरे. एक बाई मुसळ मारते आणि दुसरी, किंवा तीच, दुसऱ्या हाताने उखळातले दाणे वरखाली करते. मुसळ वर गेले की हात आत, मुसळ खाली आले की हात बाहेर. इंजिनातही असेच चाललेले असते. पिस्टन, म्हणजे जुन्या भाषेतला दट्ट्या, हे मुसळ. ते खालून वर मारते एवढाच फरक. झडपा म्हणजे हात. पिस्टन खाली गेला की झडप आत डोकावते, हवा आणि इंधन घेते किंवा धूर बाहेर सोडते, आणि पिस्टन वर यायच्या आत मिटते. पिस्टनना खालचा दांडा चालवतो, तो क्रँकशाफ्ट. झडपांना वरचा दांडा चालवतो, तो कॅमशाफ्ट. या दोघांचा ताल एकमेकांना बांधून ठेवणारा रबरी दातेरी पट्टा म्हणजे टायमिंग बेल्ट. खालचा दांडा दोन फेरे घेतो तेव्हा वरचा एक घेतो. हे प्रमाण लक्षात ठेवा, पुढे कामाला येणार आहे.

आता थोडे गणित. इंजिन मिनिटाला ३,००० फेरे घेत असेल, तर कॅम १,५०० घेतो. म्हणजे प्रत्येक झडप सेकंदाला पंचवीस वेळा उघडते आणि मिटते. पट्टा तुटला की कॅम जागच्या जागी थबकतो. त्या क्षणी ज्या झडपा उघड्या असतील त्या उघड्याच राहतात. पिस्टन मात्र वेगात असतात, त्यांना कोणी काही सांगितलेले नसते. मुसळ येते आणि हात आतच असतो. झडपा वाकतात, पिस्टनला टोचे पडतात, कधी वरचे सगळे हेड निकामी होते. काही जुन्या साध्या इंजिनांत दोहोंच्या मध्ये इतकी जागा सोडलेली असते की पट्टा तुटला तरी टक्कर होत नाही. पण आजच्या बहुतेक इंजिनांत ती चैन नाही, आणि डिझेलमध्ये तर जवळजवळ नाहीच. तिथे पिस्टन वर आला की मोकळी जागा उरते ती नावापुरती.

आणि हे सगळे मोटार घरात उभी असताना होत नाही. पट्टा चालत्या गाडीत तुटतो. खंडाळ्याचा घाट चढताना तुटला तर गाडीचा जोर एकदम नाहीसा होतो आणि मागे ट्रकची रांग असते. उतरताना तुटला तर आणखी वाईट. ब्रेकच्या पायाला इंजिनाची जी मदत मिळत असते, ती एकदोन दाबांपुरती उरते आणि मग पायाखाली दगड आल्यासारखा ब्रेक घट्ट होतो. गाडी थांबते, पण सगळी ताकद लावावी लागते. स्टिअरिंगही जड होते. मागच्या बाकावर आजी, मुले आणि फराळाचे डबे असताना हा अनुभव कोणालाही नको.

मग इतकी महत्त्वाची गोष्ट आपल्या घरांत कोणाला ठाऊक कशी नाही? याचे कारण असे की यंत्राविषयीचे शहाणपण आपल्याकडे वडिलांकडून मुलाकडे येते, आणि वडिलांच्या मोटारीत हा पट्टा नव्हताच. कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्याची फियाट, जी पुढे पद्मिनी झाली, आणि उत्तरपाड्याची अँबॅसडर या दोन्ही गाड्यांत कॅम खालीच, इंजिनाच्या कुशीत असे आणि त्याला फिरवायला लोखंडी साखळी. त्या काळी “पट्टा तुटला” म्हणजे फॅनचा पट्टा. तो तुटला की गाडी तापायची, रस्त्याच्या कडेला बॉनेट उघडायचे, डिकीतला दुसरा पट्टा चढवायचा आणि थर्मासमधला चहा संपायच्या आत पुढे निघायचे. त्यामुळे पट्टा म्हणजे तुटल्यावर बदलायची वस्तू, हा संस्कार दोन पिढ्यांच्या हाडीमांसी खिळला आहे. फॅनचा पट्टा आणि टायमिंग बेल्ट यांची गल्लत आजही शिकलीसवरलेली माणसे करतात. “गेल्याच वर्षी पट्टा बदलला की,” असे म्हणणाऱ्या दहांपैकी किती जणांनी कोणता बदलला, हे त्यांचे बिल पाहिल्याशिवाय मी तरी मानत नाही.

दातेरी पट्ट्याचा जन्म झाला तो मोटारीसाठी नव्हेच. १९४० च्या दशकात अमेरिकेत तो शिवणयंत्रासाठी निघाला. सुई आणि खालची बॉबिन यांचा ताल सुटू नये म्हणून. म्हणजे गृहिणीच्या यंत्रातून तो पुरुषांच्या यंत्रात आला, हे वडगावच्या बाईंनी यजमानांना अवश्य ऐकवावे. १९६२ मध्ये पश्चिम जर्मनीतल्या ग्लास नावाच्या कारखान्याने तो आपल्या १००४ या मोटारीत घातला आणि मग इटलीच्या फियाटपासून सगळ्यांनी उचलला. हलका, स्वस्त, आवाज न करणारा. आपल्याकडे घरोघर तो पोचला मारुती ८०० बरोबर. पहिल्या गाडीची किल्ली १४ डिसेंबर १९८३ ला दिली गेली. पुढे १९९८ मध्ये सँट्रो आली, त्याच वर्षाच्या अखेरीस पिंपरीची इंडिका आली. तिच्या डिझेल इंजिनातही पट्टाच. मध्यमवर्गाच्या दारात मोटार उभी राहिली ती या पट्ट्याच्या जिवावर, असे म्हटले तरी चालेल. आता बऱ्याच नव्या गाड्यांत साखळी परत आली आहे. साखळीला एक गुण आहे. ती म्हातारी झाली की सकाळी गाडी सुरू करताना खडखडते, कुरकुरते, आपले दुखणे आठपंधरा दिवस आधी सगळ्या आळीला ऐकवते. पट्टा तसले काही करत नाही.

तेव्हा पहिला प्रश्न: आपल्या मोटारीत पट्टा आहे की साखळी? हे शेजाऱ्याला विचारू नका. एकाच नावाच्या मोटारीत एका इंजिनाला पट्टा आणि दुसऱ्याला साखळी असते. गाडीबरोबर मिळालेली पुस्तिका बहुधा देव्हाऱ्याखालच्या खणात रेशनकार्डाशेजारी पडलेली असेल. ती काढा आणि देखभालीचा तक्ता पाहा. पट्टा असेल तर तिथे किलोमीटर आणि वर्षे असे दोन आकडे असतात. कुठे ६० हजार, कुठे लाखाच्या आसपास. वर्षांचा आकडा किलोमीटरपेक्षा वेगळा. या दोन्हींपैकी जे आधी येईल ते धरायचे. “आमची गाडी फार फिरत नाही हो,” ही सबब इथे चालत नाही. पट्ट्याच्या आत काचतंतूंच्या दोऱ्या असतात, त्यावर कृत्रिम रबर आणि दातांवर कापडाचे अस्तर. रबर उभ्या गाडीतही म्हातारे होते. उष्णता, तेलाचा थेंब, गळणारे कूलंट यांनी ते लवकर होते.

मावळातल्या लोकांसाठी आणखी एक हिशेब मांडतो. पावसाळ्यातल्या रविवारी लोणावळ्याच्या वाहनांच्या रांगेत आपण सगळेच कधी ना कधी अडकलो आहोत. एसी चालू, इंजिन चालू, गाडी जागच्या जागी. किलोमीटरचा काटा हलत नाही, पण इंजिन मिनिटाला ८०० फेरे तरी घेतच असते. तासाला झाले ४८ हजार. मोकळ्या रस्त्यावर किलोमीटरमागे साधारण अडीच हजार फेरे धरले, तर रांगेतला एक तास म्हणजे पट्ट्याच्या खात्यावर १९-२० किलोमीटर, तेही तापल्या बॉनेटखाली. ज्यांचा रोजचा रस्ता असा आहे त्यांनी पुस्तिकेतला आकडा शेवटची तारीख समजू नये. शिवाय पट्ट्यावरचे प्लास्टिकचे झाकण तुटलेले किंवा खालचा स्क्रू गळालेला असेल तर मावळाचा चिखल थेट आत जातो.

बाईंना मत कळवायचे ते पाहिल्याशिवाय कसे कळवणार, म्हणून एका रविवारी सकाळची लोणावळा लोकल पकडून मी वडगावला उतरलो. दसरा होऊन गेला होता, रेल्वेच्या दोन्ही अंगांना भाताची खाचरे पिवळी झाली होती, कुठे कापणीही लागली होती. वडगावला उतरले की १७७९ च्या जानेवारीची आठवण होतेच. मुंबईहून बोरघाट चढून आलेली इंग्रजांची फौज तळेगावापर्यंत पोचली, रसदेवाचून अडकली, मागे वळली आणि वडगावला मराठ्यांच्या कोंडीत सापडून तिला तह करावा लागला. महादजी शिंद्यांचे स्मारक गावात आहे. घाट चढून आल्यावर मुक्कामाच्या अलीकडेच बंद पडण्याचे हे या रस्त्यावरचे सर्वांत नामांकित प्रकरण असावे.

मोटार कोणती ते सांगत नाही. सांगितले की तुम्ही तिचीच मापे आपल्या मोटारीला लावाल. छोटी, पेट्रोलवर चालणारी, चार पिस्टनची, एवढे पुरे. अंगण सपाट, शहाबादी फरशीचे. यजमान बँकेत नोकरीला, हाताने नीटनेटके. सोबतीला शेजारचे एक निवृत्त फिटर, ज्यांना सगळी आळी दादा म्हणते. ते पट्ट्याला हात लावत नव्हते. स्टुलावर बसून फक्त पाहत होते आणि मधून मधून “हं” म्हणत होते. अशा कामाला असा एक माणूस लागतोच.

सुरुवातीचे काम हमालीचे आहे. इंजिन थंड, म्हणजे आदल्या रात्रीपासून उभे. बॅटरीची ऋण तार सोडलेली. मागच्या चाकांना दगड. पुढचे एक चाक उतरवायचे, तेव्हा गाडी जॅकवर उचलून खाली लोखंडी स्टँड द्यायचा. गाडीबरोबर आलेल्या जॅकवर भरवसा ठेवून खाली कोणीही जायचे नाही, पाना पडला तरीही नाही. याविषयी मी चर्चा करीत नसतो. मग बाहेरचे पट्टे, म्हणजे आल्टर्नेटरचा आणि एसीचा, सोडवायचे. बऱ्याच गाड्यांत त्या बाजूचा इंजिनाचा माउंटही सोडावा लागतो. तो सोडण्याआधी इंजिनाखाली लाकडी फळी घालून दुसऱ्या जॅकचा आधार द्यायचा.

मग येतो क्रँकच्या पुलीचा बोल्ट. चित्रफितीत तो दोन सेकंदांत निघतो. वडगावला पाऊण तास लागला. तेरा वर्षांत त्याला कोणी हात लावलेला नव्हता. वरचा गिअर टाकून बाईंना ब्रेकवर पाय ठेवून बसवले, पान्याच्या दांड्याला लांब पाइप घातला, आणि तरी तो हलेना. इथे पुष्कळजण एक घातक युक्ती करतात. पाना कशाला तरी अडकवून सेल्फ मारतात, की मोटरच्या झटक्याने बोल्ट सुटेल. सुटतोही. पण कधी पानाही सुटतो, आणि तो कुठे जाईल याचा नेम नाही. शेवटी गंजावर फवारा मारून चहा घेतला आणि चहानंतर बोल्टने कुरकुरत हार मानली.

इथून पुढे काम ताकदीचे राहत नाही. झाकणे निघाली की पट्टा पहिल्यांदा दिसतो. यजमानांनी बोटाने दाबून पाहिला, उलटा करून पाहिला. “चांगला दिसतो की,” ते म्हणाले. बाईंनी माझ्याकडे पाहिले. तो चांगलाच दिसत होता. हीच त्याची खोडी आहे. पाठीवर भेगा दिसल्या तर बदलायचाच, पण भेगा नाहीत म्हणून पट्टा ठणठणीत आहे असे मात्र कोणालाही सांगता येत नाही. आतल्या दोऱ्या बाहेरून दिसत नसतात.

जुना पट्टा काढण्यापूर्वी इंजिन हाताने फिरवून खुणांवर आणायचे. पुलीचा बोल्ट पुन्हा तात्पुरता बसवून त्यावर पाना लावायचा आणि इंजिन ज्या दिशेने चालते त्याच दिशेने फिरवायचे. कॅमच्या चाकाला धरून कधीच नाही. स्पार्क प्लग काढून ठेवले की हात हलका जातो. एक नंबरचा पिस्टन वर आला, खालच्या चाकाची खूण इंजिनावरच्या खुणेशी आणि वरच्या चाकाची हेडवरच्या खुणेशी जुळली, की थांबायचे. कारखान्याच्या खुणा काळ्यावर काळ्या असतात, चाळिशीनंतर दिसत नाहीत. बाईंनी मुलाच्या दप्तरातला व्हाइटनर आणला आणि चारही ठिकाणी पांढरे ठिपके दिले. फोटोही काढले, समोरून आणि दोन्ही बाजूंनी. त्या दिवसातले सर्वांत उपयोगी काम तेच ठरले.

आता टेन्शनर सैल केला, पट्टा निघाला, आणि इंजिनाचे वरचे व खालचे अंग एकमेकांना अनोळखी झाले. या घटकेपासून नवा पट्टा बसेपर्यंत दोन्हींपैकी कोणतेही चाक हलवायचे नाही. मुलांना अंगणातून बाहेर काढायचे ते याच वेळी.

पट्टा निघाला की लगेच नवा चढवायचा मोह होतो. तसे करू नये. ज्या चाकांवरून पट्टा धावतो त्यांची बेअरिंग बोटाने फिरवून पाहा. खरखर लागली किंवा चाक सुटे सुटे फिरले तर ते गेले. खरे तर पाहू नकाच. टेन्शनर आणि बेअरिंग नवीच घाला, संचात मिळतात. क्रँक आणि कॅमच्या ऑइल सीलभोवती तेलाची ओल असेल तर सील बदला, नाहीतर नवा पट्टा वर्षभरात तेलाने भिजेल. पाण्याचा पंप याच पट्ट्यावर चालत असेल तर तोही. तो पुढल्या वर्षी गेला तर पुन्हा हीच सगळी उचलाठेव, तोच पाऊण तासाचा बोल्ट. सुटे भाग पुण्यात नाना पेठेत मिळतात, पण नग पाहून घ्या. कारखान्याचे नाव छापलेले बनावट खोके ओळखणे आपल्याला जमत नाही, तेव्हा अधिकृत विक्रेत्याकडून पावती घेऊन घ्यावेत. पट्ट्यावर चार पैसे वाचवणे म्हणजे दोरी स्वस्तातली घेऊन विहिरीत उतरणे.

नवा पट्टा फार मोडायचा नाही, पिळायचा नाही, स्क्रूड्रायव्हरने ओढूनताणून चढवायचा नाही. हाताला तेल नको. बाण असेल तर फिरण्याच्या दिशेने. चढवताना टेन्शनरच्या समोरची बाजू ताठ राहिली पाहिजे. जो काही ढिलेपणा असेल तो टेन्शनरकडे यायला हवा. मग टेन्शनर सोडायचा, तो पट्टा ताणतो. किती ताणायचा हे प्रत्येक इंजिनाच्या दुरुस्ती-पुस्तकात दिलेले असते आणि अंदाजाने ठरवायचे नसते.

पट्टा बसला. ठिपक्यांसमोर ठिपके दिसत होते. यजमानांचा चेहरा उजळला.

“दादा, जुळले सगळे. मारू का सेल्फ?”

दादा स्टुलावरून उठले. “थांबा साहेब. आधी हाताने दोन फेरे.”

“दोन कशाला? एकात कळणार नाही का?”

“एका फेऱ्यात वरचे चाक अर्धेच फिरते ना. त्याची पुरी प्रदक्षिणा व्हायची तर खालच्याला दोन घालाव्या लागतात.”

“आणि चुकीचे बसले असेल तर?” बाईंनी विचारले.

“तर हाताला कळेल, वहिनी. कुठे अडले तर हात थांबतो. सेल्फला थांबता येत नाही.”

पाना लावून यजमान सावकाश फिरवू लागले. एक फेरा झाला, दुसरा झाला, कुठे अडले नाही. खालची खूण खुणेवर आली. वरची आली नाही. पांढरा ठिपका हेडवरच्या ठिपक्याच्या अलीकडे, बरोबर एक दात मागे उभा होता. कोणी काही बोलले नाही. बाईंनी मोबाईलमधला सकाळचा फोटो काढून शेजारी धरला आणि शंका राहिली नाही. पट्टा चढवताना ताठ बाजूला थोडा ढिलेपणा राहिला होता. टेन्शनरने तो ओढून घेतला आणि वरचे चाक एका दाताने मागे पडले. एका दाताने इंजिन मोडले नसते कदाचित, पण गाडी ओढली नसती, पेट्रोल खाल्ले असते, आणि यजमान पुढचे वर्षभर कार्ब्युरेटर नसलेल्या गाडीत कार्ब्युरेटरचा दोष शोधत बसले असते. पट्टा पुन्हा सैल केला, पुन्हा चढवला, पुन्हा दोन फेरे. या वेळी दोन्ही खुणा आल्या. दादांनी आणखी दोन फेरे घालायला लावले. त्यानंतरच ते “हं” म्हणाले.

एक बारीक गोष्ट सांगून ठेवतो, कारण तिने पुष्कळ जण घाबरतात. काही नव्या पट्ट्यांवरही पांढऱ्या रेघा छापलेल्या असतात. त्या फक्त बसवताना कामाच्या. दोन फेऱ्यांनंतर पट्ट्यावरच्या रेघा भलत्याच ठिकाणी गेलेल्या दिसतील, कारण पट्ट्याचे दात आणि चाकांचे दात यांचा हिशेब दोन फेऱ्यांत पुरा होत नाही. चाकांवरच्या खुणा पाहायच्या, पट्ट्यावरच्या नाही.

बोल्ट टॉर्क रेंचने, पुस्तकातल्या आकड्यापर्यंत आवळले. बॅटरी जोडली. दुपारी साडेतीनला सेल्फ मारला आणि गाडी पहिल्या झटक्यात सुरू झाली, इतक्या साध्या आवाजात की सकाळपासून काही घडले असे कोणाला वाटू नये. बाईंनी पोटोबा महाराजांना नारळ कबूल केला होता असे नंतर कळले.

म्हणजे हे काम घरी करावे का? मी मत देतो, आणि ते सगळ्यांना आवडणार नाही. ज्यांच्याकडे आपल्याच इंजिनाचे दुरुस्ती-पुस्तक नाही, टॉर्क रेंच नाही, सपाट जागा नाही आणि पुरा दिवस मोकळा नाही, त्यांनी करू नये. चित्रफीत हे पुस्तक नव्हे. तीत दाखवलेली गाडी तुमची नसते. काही युरोपीय इंजिनांत चाकांवर खुणाच नसतात, दांडे अडकवून ठेवायची खास हत्यारे लागतात. ती नसतील तर अंदाजाच्या वाटेला जाऊ नका. २०१३ मध्ये आलेल्या इकोस्पोर्टच्या एक लिटर इंजिनासारखी काही इंजिने अशी आहेत की त्यांचा पट्टा तेलातच बुडालेला असतो. ते काम जाणत्या वर्कशॉपचे. काही डिझेल इंजिनांत हाच पट्टा इंधनाचा पंपही फिरवतो, म्हणजे जुळवायच्या खुणा दोनाच्या तीन होतात. मुंबईच्या वाचकांनी सोसायटीच्या पार्किंगमध्ये इंजिन टांगून ठेवायचा विचारही करू नये. पट्ट्याआधी सेक्रेटरी तुटतील.

पण मेस्त्रीकडे टाकायची तरी गाडी डोळे मिटून टाकू नका. त्याला तीन प्रश्न विचारा: टेन्शनर आणि बेअरिंग नवे घालणार का, पंप याच पट्ट्यावर आहे का, आणि सेल्फ मारण्याआधी हाताने दोन फेरे घालणार का. तिसऱ्या प्रश्नाला जो हसेल त्याच्याकडून गाडी परत आणा. चांगला मेस्त्री हसत नाही. तो तुम्हाला चहा विचारतो.

जुनी मोटार विकत घेणाऱ्यांसाठी शेवटचे. विकणारा म्हणेल, “पट्टा आत्ताच बदललाय.” पावती मागा. पावती नसेल आणि बॉनेटच्या आत कुठे तारीख-किलोमीटर लिहिलेली चिठ्ठीही नसेल, तर तो बदललेला नाही असे धरून पहिल्याच महिन्यात बदलून घ्या आणि तेवढी रक्कम किमतीतून कापून मागा. नव्या पट्ट्याची चिठ्ठी मात्र तुम्ही स्वतः लावा: तारीख, किलोमीटरचा आकडा, पट्ट्याचा नंबर. शाई उष्णतेने उडते म्हणून पेन्सिलीने लिहावे आणि वर पारदर्शक पट्टी चिकटवावी.

आणि जुना पट्टा त्याच दिवशी कात्रीने दोन ठिकाणी कापून टाका. तसाच माळ्यावर ठेवलात तर दहा वर्षांनी घरातलेच कोणी तरी तो झटकून पाहील, दोन्ही हातांनी ताणून पाहील आणि म्हणेल, “अहो, हा तर अगदी नव्यासारखा आहे.”